रेक्झिनला दया म्हणू नका

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर माझं दुकान आहे. फॉल-पिको, ब्लाउज आणि बॅगांची दुरुस्ती. चेन बदलणं, रनर बसवणं, अस्तर घालणं, हँडल शिवणं. पावसाळा सरला की दुरुस्तीच्या बॅगांचा ढीग लागतो. गेल्या नवरात्राच्या आधी एक मुलगी आली. ठाण्याला आयटीत नोकरी करते. काउंटरवर एक तपकिरी बॅग ठेवून म्हणाली, ‘‘काकू, हिचं काही होईल का?’’

बॅग हातात घेतली तर बोटांना तपकिरी पापुद्रे चिकटले. तळाचे चारही कोपरे, हँडल दुमडतं ती जागा, चेनच्या दोन्ही कडा, सगळीकडे वरचा थर सोलून आला होता आणि खालचं पांढरं जाळीदार कापड दिसत होतं. आत अस्तराला एक पट्टी शिवलेली होती. तिच्यावर एका पानाचं चित्र आणि शब्द होते, ‘व्हेगन लेदर’. साडेनऊ हजारांची बॅग, दोन पावसाळे वापरलेली. ‘‘प्राण्याला मारून केलेलं काही नको, म्हणून मुद्दाम ही घेतली,’’ ती म्हणाली.

मला तिला सांगावं लागलं की हिचं काही होणार नाही. चामडं उसवलं तर पुन्हा शिवता येतं, सुकलं तर तेल पाजता येतं, घासलं तर रंगवता येतं. कापड फाटलं तर ठिगळ लागतं. हे मात्र सुई घातली की भोकाभोवतीच सुटत जातं. वरचा थर पॉलियुरेथिनचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, आणि आपल्याकडची दमट हवा त्याला आतून कुजवते. कपाटात नुसती ठेवली असती तरी ती सोललीच असती. मुलीचा चेहरा पडला. तिची दया खरी होती, आणि त्या दयेचे साडेनऊ हजार घेऊन तिला जे विकलं गेलं त्याला आमच्या धंद्यात एकच शब्द आहे, रेक्झिन.

हा शब्द मी लहानपणापासून ऐकते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कल्याण स्टेशनबाहेर पश्चिमेला गटईकाम, म्हणजे चपला-बुटांची दुरुस्ती, करायचे. आधी फुटपाथवर छत्री लावून बसायचे, पुढे चर्मकार महामंडळाकडून त्यांना पत्र्याचा स्टॉल मिळाला. शाळा सुटली की मी तिथे बसायची. दोऱ्याला मेण कसं लावायचं, आरी कशी धरायची, रापीला धार कशी आणायची हे मी त्यांच्याकडे शिकले. गिऱ्हाइकाने चप्पल पुढे केली की अण्णा ती नुसती दुमडून बघायचे आणि सांगायचे, ‘‘चामडं आहे, होईल,’’ किंवा ‘‘रेक्झिन आहे ताई, नका पैसे घालवू.’’ रेक्झिन हे खरं तर मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीच्या मालाचं नाव. कापडावर रसायनाचा थर चढवून चामड्यासारखं दिसणारं कापड ती बनवायची. आपल्याकडे रिक्षाची सीट, शाळेचं दप्तर, सिनेमागृहातली खुर्ची, सगळ्याला तेच नाव पडलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. स्वस्त होतं आणि स्वतःच्या नावाने विकलं जात होतं.

आता तेच कापड महाग झालं आहे आणि पुण्यकर्म म्हणून विकलं जातंय. राग आहे तो याचा. जगातली बहुधा सर्वांत ओळखीची बॅग लुई व्हितोंची, ती तपकिरी, अक्षरांच्या नक्षीची. तिची फर्स्ट कॉपी डोंबिवलीच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात रोज दिसते. ती नक्षीची अस्सल बॅगसुद्धा मुख्यतः सुती कॅनव्हासवर पीव्हीसीचा थर दिलेली असते, चामडं फक्त हँडलला आणि कडांना. त्या कंपनीने निदान त्याला प्राणिप्रेम म्हटलेलं नाही.

मोठ्या फॅशन डिझायनरांनी गेल्या दहा वर्षांत प्राण्यांसाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. अर्मानीने 2016 मध्ये फर सोडली, गुचीने 2017 मध्ये जाहीर केलं, शनेलने 2018 च्या अखेरीस मगर-सापाच्या कातडीला नकार दिला, प्राडाने 2019 मध्ये फरला. हे सगळं चांगलं झालं, मनापासून म्हणते. फरसाठी मिंक नावाचा मुंगसाएवढा प्राणी तारेच्या पिंजऱ्यात जन्मतो आणि तिथेच मरतो. 2020 मध्ये करोनाच्या भीतीने डेन्मार्कने आपले सगळे मिंक मारायचं ठरवलं, तेव्हा एवढ्याशा देशात दीड कोटीहून जास्त मिंक पिंजऱ्यात आहेत हे जगाला कळलं. एका कोटाच्या कॉलरसाठी एवढं मरण कुणालाही पटण्यासारखं नाही. आपल्या सरकारने जानेवारी 2017 मध्ये मिंक, कोल्हा, चिंचिला यांच्या फरची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातडीची आयात थांबवली, हे फार कमी लोकांना माहीत आहे. त्याचा मला अभिमान आहे.

मगरीच्या बॅगेबद्दलही माझं मत पक्कं आहे. जेन बर्किन या अभिनेत्रीच्या नावाने हर्मेस ही कंपनी बॅग विकते. 2015 मध्ये मगरी कशा मारल्या जातात हे समजल्यावर तिने मगरीच्या बॅगेवरून आपलं नाव काढा असं जाहीरपणे सांगितलं. कंपनीने सुधारणेचं आश्वासन दिल्यावर तिचं समाधान झालं, नाव राहिलं. माझं समाधान झालं नसतं. बॅगेत मोबाईल, पाकीट, पास आणि डबा जातो. त्यासाठी मगर लागत नाही.

डिझायनर स्टेला मॅकार्टनीला मी मानते. 2001 मध्ये स्वतःचं नाव लावून धंदा सुरू केल्यापासून तिने चामडं आणि फर दोन्ही वापरलेलं नाही, तेही अशा काळात जेव्हा चामड्याशिवाय महागडी बॅग विकली जाईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. आपल्या जवळची, नवी मुंबईतून काम चालवणारी अनिता डोंगरे हीसुद्धा चामडं-फर वापरत नाही. पण पर्याय काय, तिथे येऊन सगळे अडतात. बुरशीच्या मुळांपासून चामडं करण्याचा जो प्रयोग मॅकार्टनीने उचलून धरला होता, त्याचं उत्पादन 2023 मध्ये थांबलं, कारण पैसा उभा राहिला नाही. अननसाच्या पानांच्या धाग्याचं चामडं निघालं, त्यालाही वरून प्लॅस्टिकचा लेप लागतो. बाकी बाजारात पानाचं चित्र लावून जे येतं त्यातलं बहुतेक पेट्रोलियमपासून केलेलं असतं. खोट्या फरचंही तेच, ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते.

डोंबिवलीकराला हे पेट्रोलियमचं, रसायनाचं प्रकरण समजावून सांगावं लागू नये. आम्ही एमआयडीसीच्या कुशीत राहतो. जानेवारी 2014 मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तो बघायला मुख्यमंत्री आले. 26 मे 2016 ला इथल्या रसायनाच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात माझ्या दुकानाची काच फुटली, 23 मे 2024 ला पुन्हा तोच आवाज झाला आणि मी शिवणयंत्रावरून उठून नुसती रस्त्यावर उभी राहिले, किती वेळ ते आठवत नाही. प्लॅस्टिकचं कापड, त्याचा रंग, त्याचा लेप हे सगळं जगात कुठे ना कुठे अशाच वस्तीजवळ तयार होतं. कुठल्या तरी दुसऱ्या डोंबिवलीत. त्या वस्तीतही गाईगुरं, कुत्री, मासे असतात. त्यांची मोजणी ‘व्हेगन’ या शब्दात होत नाही.

कापड म्हणजे सगळं निर्मळ असंही नाही. शेजारच्या उल्हासनगरात वर्षानुवर्षं जीन्स शिवली, रंगवली, धुतली गेली. तिचा निळा रंग वालधुनी नदीत गेला, वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते आणि उल्हास खाडीला. अण्णांच्या लहानपणी वालधुनीत मासे मिळायचे असं ते सांगायचे. मी त्या नदीचं पाणी काळं सोडून दुसऱ्या रंगाचं पाहिलेलं नाही. चामड्याचा तुकडा नसलेल्या कुठल्याही जीन्सच्या पट्टीवर ‘प्राणीमुक्त’ लिहिता येईल आणि ते अक्षरशः खरंही असेल.

तुम्ही विचाराल, मग चामडंच बरं का? नाही. चांभाराची मुलगी असून सांगते, नाही. मी अकरावीत होते. कल्याणच्या दुर्गाडी पुलावर आमची एसटी गर्दीत अडकली आणि शेजारी एक ट्रक येऊन थांबला. आत म्हशी होत्या, इतक्या दाटीने की एक खाली पडली होती आणि तिला उठायला जागा नव्हती. तिचं तोंड फळ्यांच्या फटीत होतं, माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर. ती ओरडत नव्हती. डोळा उघडा होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तशाच समोरासमोर होतो. घरी आल्यावर अण्णांना विचारलं, आपलं चामडं त्यांचंच का? अण्णा सायनला उतरून धारावीतून चामडं आणायचे. ते खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, ‘‘बहुतेक त्यांचंच.’’ आणि थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘म्हणूनच दुरुस्त करतो ना आपण. एक चप्पल चार वर्षं जास्त चालली तर तेवढं कमी लागतं.’’ त्यानंतर नवं चामडं मी स्वतःसाठी विकत घेतलेलं नाही. जुनं मात्र कधी फेकलं नाही. आणि हेही सांगते, दूध आटलेल्या म्हशी तबेल्यातून कुठे जातात हा प्रश्न चहा पिणाऱ्या प्रत्येकाचा आहे, नुसता चपलेवाल्याचा नाही.

गेल्या वर्षी, 22 जून 2025 ला, मिलानमध्ये प्राडाने पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि तिला नुसतं ‘लेदर सँडल’ म्हटलं, तेव्हा आमच्या समाजात मोबाईलवर दुसरा विषय नव्हता. 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं. बोंब झाल्यावर प्राडाने मूळ कुठलं ते मान्य केलं. डिसेंबरमध्ये त्यांनी दोन राज्यांच्या महामंडळांशी करार केला, आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं लिडकर. इथल्या कारागिरांकडून 2,000 जोड करून घ्यायचे ठरले, एका जोडाची किंमत साधारण 800 युरो. ज्या महामंडळाच्या पत्र्याच्या स्टॉलमध्ये अण्णांनी आयुष्य काढलं, त्याचं नाव प्राडाच्या शेजारी छापलेलं बघून मला भरून आलं.

मला आणखी एक हवं होतं. त्या 800 युरोंपैकी चपलेवरची चामड्याची वेणी विणणाऱ्या बाईच्या हातात किती पडणार, हे चपलेसोबतच्या कागदावर छापलेलं हवं होतं. 2024 मध्ये इटलीतल्या न्यायालयाच्या एका चौकशीत समोर आलं की दियोर कंपनीची एक बॅग जुळवण्याचे ठेकेदाराला 53 युरो मिळत होते, चामडं वगळून. दुकानात तिची किंमत 2,600 युरो होती. माणसाची किंमत अशी करणारा बाजार मिंकची आणि मगरीची मनापासून काळजी करेल, यावर माझा विश्वास बसत नाही. फर सोडणं त्यांना परवडलं, कारण फरवर त्यांचा धंदा उभाच नव्हता. चामड्यावर उभा आहे, म्हणून चामड्याबद्दल ते बोलत नाहीत.

कोल्हापुरी चप्पल प्राणीमित्र आहे असा दावा मी करणार नाही. चामडं म्हशीचं, बरंचसं आता बाहेरच्या राज्यांतून कमावून येतं. पण तिची घडण बघा. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेला जाड तळ, चामड्याच्याच वादीने शिवलेला, खिळा नाही. कान सुटला तर कान बसवता येतो, अंगठा तुटला तर अंगठा. जी वस्तू सुटी करून पुन्हा जोडता येते तिच्यासाठी दुसऱ्यांदा जनावर लागत नाही. महागड्या फॅशनने कोल्हापुरीकडून घ्यायचं ते हे. त्यांनी वेणी घेतली.

मारून काढलेल्या आणि मेलेल्या जनावराच्या चामड्यात फरक करायचा विचार महाराष्ट्रात नव्वद वर्षांपूर्वी झाला होता. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. ब्राह्मण घरातला माणूस कातडी कमावायला शिकला. आपोआप मेलेल्या गुराचंच चामडं वापरायचं, ही गांधीजींची कल्पना. ‘अहिंसक चप्पल’ हा शब्द त्या काळातला. तो ऐकताना मला आदरही वाटतो आणि पोटात तुटतंही. कारण मेलेलं जनावर गावाबाहेर ओढायचं कुणी, हा प्रश्न अहिंसेने सुटत नाही. बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला आपल्या लोकांना सांगितलं की मेलेली गुरं ओढणं सोडा, मृतमांस सोडा. लोकांनी ते सोडलं आणि ते माणूस म्हणून उभे राहिले. 2016 मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारलं गेलं. तेव्हा ‘अहिंसक चामडं’ हवं म्हणणाऱ्याने आधी सांगावं, ते कातडं कोण काढणार आणि त्याला वागणूक कशी देणार. प्राण्याची दया करताना माणूस विसरला जातो, हे आमच्या घराने तीन पिढ्या पाहिलं आहे.

रेशमाचंही बोलायला हवं, कारण लग्नसराईत माझ्या टेबलावर सगळ्यांत जास्त तेच असतं. कोषातला किडा जिवंत असतानाच उष्णता देऊन मारला जातो, नाही तर तो कोष फोडून बाहेर येतो आणि अखंड धागा तुटतो. एका पैठणीमागे असे हजारो जीव. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी किडा उडून गेल्यावर धागा काढायची रीत बसवली, ते अहिंसा रेशीम मिळतं, महाग पडतं. माझं लक्ष मात्र दुसऱ्या गोष्टीकडे जातं. चामड्याचा पट्टा आणि पाकीट आपण देवळाबाहेर ठेवतो, आणि आत सोवळं नेसून बसतो ते रेशमाचं. दोन्हीत जीव गेला आहे. एक विटाळाचं ठरलं, कारण ते करणारे हात आमचे होते. येवल्याच्या विणकराच्या पोटावर पाय द्यावा असं मी म्हणत नाही. नवरीला मी एवढंच विचारते, ‘‘आईची आहे का गं पैठणी घरात?’’ असेल तर जरीला धक्का न लावता तिचा काठ मी असा बसवून देते की फडके रोडवर दिवाळीच्या सकाळी चार जणी थांबवून विचारतील.

सरकारकडे माझं एक साधं मागणं आहे. इटलीत 2020 पासून प्राण्याच्या कातडीखेरीज दुसऱ्या कशाला ‘चामडं’ हा शब्द लावता येत नाही, पुढे ‘व्हेगन’ जोडूनही नाही. आपल्याकडेही तसं करा. बॅगेच्या आतल्या पट्टीवर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहा, ही कशाची आहे. पॉलियुरेथिन असेल तर पॉलियुरेथिन, म्हैस असेल तर म्हैस, मगर असेल तर मगर. पानाचं चित्र नको.

त्या मुलीला मी शेवटी काय दिलं ते सांगते. बॅगेचं अस्तर, चेन आणि कड्या चांगल्या होत्या. त्या काढून घेतल्या आणि एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याचं उरलेलं जाड सुती कापड होतं, त्याची त्याच मापाची बॅग शिवली. तळाला अण्णांच्या पेटीतला जुन्या चामड्याचा तुकडा लावू का, असं तिला विचारलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘‘जुना आहे ना? लावा.’’ सातशे रुपये घेतले.

तुमच्या घरी चपलांच्या रॅकमागे तळ सुटलेलं, अंगठा तुटलेलं काहीतरी पडलेलं असेल. मे महिना संपायच्या आत ते बाहेर काढा आणि स्टेशनबाहेरच्या गटई स्टॉलवर घेऊन जा. कल्याण, डोंबिवली, ठाणे, तिन्ही ठिकाणी ते अजून आहेत, पण दर वर्षी एखाद-दुसरा कमी दिसतो.